घरी रेकॉर्ड केलेली गिटार डब्यातून आल्यासारखी का वाटते?

तिसरी_तार (धागाकर्ता) | रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. सात-आठ महिने झाले, स्वतःची गाणी घरीच रेकॉर्ड करतोय. गायलेलं बरं येतं. ठेका सॉफ्टवेअरमधून घेतो, त्याचीही तक्रार नाही. घोडं अडतं ते गिटारपाशी.

गिटार अकूस्टिक, मोठ्या पेटीची (ड्रेडनॉट). एक साधा कंडेन्सर माईक, दोन इनपुटांचा इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा), दहा बाय दहा फुटांची खोली. हातात वाजते तेव्हा गिटार गोड वाटते. रेकॉर्ड करून ऐकली की खाली नुसतं घुम्म घुम्म आणि वर पत्रा. मधलं लाकूड गायब! ईक्यूची (खालचे-वरचे सूर कमीजास्त करण्याची) सगळी बटणं फिरवून झाली. खालचं कापलं की आवाज पोकळ होतो, वरचं वाढवलं की कानात टोचतं.

वैताग आला तो परवा. सराव करताना फोन पलंगावर पडला होता, त्यात सहज रेकॉर्ड केलं. ते माईकपेक्षा चांगलं आलंय! म्हणजे माझा माईक फोनपेक्षाही वाईट? माईक बरोब्बर भोकासमोर ठेवतो, वीतभर अंतरावर. आवाज तिथूनच तर येतो ना.

नवा माईक घ्यावा का? की सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं एखादं प्लगइन सुचवाल?

---

ढब्बू_पिक | रात्री ११:५८

माईक बदला. साध्या कंडेन्सरकडून अजून काय अपेक्षा करणार?

---

खर्ज | सकाळी ७:१५

थांबा, इतक्यात काही विकत घेऊ नका. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. फोन पलंगावर होता म्हणजे गिटारपासून किती लांब? तीन फूट असेल ना? आणि माईक वीतभर, तोही भोकासमोर. हे दोन रेकॉर्डिंग माईकचे कमी आणि जागांचे जास्त आहेत.

आवाज भोकातून येतो हा समज जवळपास सगळ्यांचा असतो, माझाही होता. खरं तर गिटारचा बहुतेक आवाज पुढच्या फळीच्या थरथरण्यातून येतो. भोकातून येतो तो मुख्यतः आतल्या हवेचा हुंकार. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा एकच सूर घुमतो, तसाच. तुमच्या मापाच्या पेटीत ही हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते. आता जी मेजर कॉर्ड धरा. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट (मानेवरची तिसरी आडवी पट्टी) ९८ हर्ट्झचा, म्हणजे नेमका त्याच खड्ड्यात. पैज लावून सांगतो, तुमचं घुम्म सगळ्यात जास्त जी कॉर्डला होत असणार.

त्यात दुसरी भर. तुमचा माईक बहुधा कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारा. हे माईक वस्तूच्या जितके जवळ न्याल तितका खर्ज फुगवतात. रेडिओवरचे निवेदक माईकला ओठ लावून बोलतात ते यासाठीच. त्यांच्या कामाला येतं, तुमच्या गिटारला मारक ठरतं. हातभर लांब गेलात की हा फुगवटा बराच उतरतो.

फोनमध्ये दोन्ही त्रास टळले. लांब होता, शिवाय बहुतेक फोन अगदी खालचे सूर धडपणे पकडतच नाहीत आणि आवाजाची पातळी स्वतःच सारखी करतात. झाकली मूठ म्हणा.

आज एवढंच करा. जिथे गिटारची मान पेटीला मिळते, म्हणजे बाराव्या ते चौदाव्या फ्रेटसमोर माईक आणा. अंतर ३० सेंटिमीटर, तोंड किंचित पेटीकडे तिरकं, पण भोकाकडे नाही. ईक्यूची सगळी बटणं शून्यावर.

---

निवांत | सकाळी ९:०२

खर्जकाकांशी सहमत, पण "बारावा फ्रेट" हा मंत्र समजू नका. ती फक्त सुरुवातीची जागा. प्रत्येक गिटार वेगळी, वाजवणाऱ्याचा हात वेगळा. जागा कानाने शोधायची.

दुसरं कोणी वाजवणारं असेल तर सोपं आहे. एक कान बोटाने बंद करा, उघडा कान माईक असल्यासारखा गिटारसमोर हळूहळू फिरवा. चार बोटं इकडेतिकडे झालं तरी केवढा फरक पडतो ते ऐकून चाट पडाल.

मी एकटाच असतो, म्हणून माझी पद्धत अशी. रेकॉर्डिंग चालू करायचं, तोंडाने जागा बोलायची: "बारावा फ्रेट, हातभर". मग त्याच चार कॉर्ड, त्याच जोराने. रेकॉर्डिंग न थांबवता माईक हलवायचा. "बारावा फ्रेट, दीड हात." "घोडीच्या मागे, खालच्या बाजूने." "उजव्या खांद्यावरून खाली बघणारा." आठ-दहा जागा झाल्या की गिटार खाली ठेवून शांतपणे ऐकायचं. ऐकताना सगळे तुकडे सारख्या मोठेपणाचे करून घ्या. हे विसरलात तर जवळचा तुकडा नुसता मोठा आहे म्हणून जिंकेल. कानाला मोठं तेच चांगलं वाटतं, त्याला इलाज नाही.

खांद्यावरची जागा बऱ्याच जणांना माहीत नसते. वाजवणाऱ्याच्या कानाजवळची असल्याने तिथे गिटार तुम्हाला रोज ऐकू येते तशीच येते. मला हळुवार बोटांनी वाजवलेल्या गाण्यांसाठी तीच आवडते.

---

ढब्बू_पिक | सकाळी ९:३०

बरं, जागा मान्य. पण चांगल्या माईकने फरक पडतोच की.

---

खर्ज | सकाळी ९:४४

पडतो ना. पण तो भाताच्या शितावरचा फरक, आणि इथे अजून भांडंच चुलीवर नाही. माईक इकडचा तिकडे सरकवल्याने जेवढा बदल होतो, तेवढा साधा कंडेन्सर काढून उत्तम कंडेन्सर लावल्याने होत नाही. हे दोन्ही करून पाहिलेला माणूस बोलतोय. चटके स्वतः खाल्लेत.

---

सा_पासून | दुपारी १:२०

गिटारवर तारा कधीच्या आहेत हे अजून कोणी विचारलंच नाही! तिसरी_तार, खरं सांगा.

---

तिसरी_तार | दुपारी १:५१

ताई, खरं सांगायचं तर आठवत नाही.

---

सा_पासून | दुपारी २:१०

मग "मधलं लाकूड गायब" याचं अर्धं उत्तर मिळालं.

जुन्या तारेच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ बसतो. वरचे स्वर मरतात, आणि तुम्ही ते ईक्यूने वाढवायला जाता. जे तारेत नाही ते ईक्यू कुठून आणणार? तो फक्त माईकची खरखर वाढवतो, तोच तुमचा पत्रा. आधी तारा बदला. पण बदलल्या बदलल्या रेकॉर्डिंगला बसू नका. नव्या कोऱ्या तारा पहिले काही तास ताणल्या जातात, सूर सोडत राहतात आणि जरा जास्तच किणकिणतात. आदल्या दिवशी बदला, तासभर वाजवा, दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड करा.

सूर लावण्याबद्दल दोन गोष्टी. खुंटी नेहमी खालून वर आणत थांबवायची. सूर चढला असेल तर आधी मुद्दाम उतरवा, मग वर या. वरून खाली आणलेली तार वाजवताना आणखी उतरते. दुसरं म्हणजे कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावल्यावर पुन्हा सूर तपासायचा. कॅपो तारा दाबून थोड्या चढवतो, आणि तिसरी तार तर सगळ्यात आधी दगा देते (तुमच्या नावाची क्षमा मागून). एकट्या गिटारमध्ये हे खपून जातं. त्यावर दुसरी गिटार आणि गळा चढला की सगळंच किंचित बेसूर वाटतं आणि माणूस दोष माईकला देतो. प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनर बघा. हो, प्रत्येक.

आणि पिक कोणतं? गाण्यामागे भरभर स्ट्रमिंग असेल तर अर्ध्या मिलिमीटरचं पातळ पिक घ्या. ते तारेवर वाकतं, खर्जाचा धक्का कमी बसतो आणि वरची चकाकी येते. सुटे सूर वाजवायचे असतील तर एक मिलिमीटरचं जाड पिक, सूर भरदार येतो. प्लगइनआधी खिशातली दोन पिकं बदलून बघा.

---

रिकामी_पेटी | दुपारी ४:३५

खोलीबद्दल मी बोलतो, कारण तिथे मी बरीच वर्षं आणि बरेच अंड्यांचे ट्रे वाया घालवलेत.

अंड्यांच्या ट्रेनी काहीही होत नाही. पातळ पुठ्ठा तो, फार तर वरचा जरासा आवाज इकडेतिकडे फेकतो. भिंतीला धूळ मात्र छान धरते.

खोलीच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' अशी धातूसारखी शेपटी ऐकू आली तर समोरासमोरच्या भिंती आवाज चेंडूसारखा टोलवताहेत. तुम्ही ज्याला पत्रा म्हणताय त्यातला काही भाग हाच असणार. यावर उपाय सोपा. जाड रजई किंवा दोन घोंगड्या माईकच्या समोरच्या बाजूला, म्हणजे वाजवणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो, म्हणून तुमच्या पाठची भिंत त्याच्या तोंडावर येते. लोक उलटं करतात, माईकच्या पाठीमागे फोम लावतात. रजई भिंतीला चिकटवू नका, मध्ये वीतभर जागा सोडा. त्या पोकळीमुळे ती आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करते.

खर्जापुढे मात्र रजई हात टेकते. १०० हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. ती भिंतीवर पांघरलेल्या कापसाने शोषायची तर जाडी साधारण तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी हवी, म्हणजे ८६ सेंटिमीटर. खोलीत मग तुम्ही मावणार नाही. म्हणून खर्ज शोषत बसण्यापेक्षा जागा बदला. दहा फुटी खोलीत दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झला पहिली लहर अडकते आणि तिच्या दुप्पटीला, ११२ ला दुसरी. तुमची खुली पाचवी तार ११० ची आहे, लक्षात आलं का? चौरस खोलीत हे दोन्ही बाजूंनी एकाच सुरावर होतं, म्हणून आणखी वाईट. नेमक्या मध्यावर आणि कोपऱ्यात बसायचं टाळा. लांबीच्या एक तृतीयांशावर कुठेतरी बसा, भिंतींशी थोडे तिरके.

पलंग खोलीतच असेल तर उत्तम. गादीइतकं चांगलं शोषक घरात दुसरं नसतं. माझे सगळ्यात चांगले टेक पलंगाकडे तोंड करून वाजवलेले आहेत.

---

तिसरी_तार | दुसऱ्या दिवशी, रात्री १०:१२

मंडळी, काल रात्री तारा बदलल्या, आज बसलो. निवांत यांच्या पद्धतीने नऊ जागा बोलून बोलून रेकॉर्ड केल्या.

खर्जकाका पैज जिंकले. जुन्या फायली काढून बघितल्या, घुम्म खरंच जी कॉर्डलाच होतं. माझी जागा तेराव्या फ्रेटसमोर निघाली, ३५ सेंटिमीटरवर, माईक मानेच्या जरासा खालून वर बघणारा. ईक्यू काहीच नाही, आणि लाकूड परत आलं! घरच्यांनी विचारलं, गिटार नवी का?

आता दुसरीच पंचाईत. गिटार स्वच्छ झाल्यावर बाकी सगळं ऐकू यायला लागलं. लॅपटॉपचा पंखा. खुर्ची. एका टेकमध्ये दर दोन मात्रांना 'टिक' येत होतं. अर्धा तास शोधलं तेव्हा कळलं, शर्टाचं बटण गिटारच्या पाठीवर घासत होतं. आणि शेवटची कॉर्ड विरत जाते तिथे मागून मेट्रोनोम ऐकू येतो. तो कुठून आला?

---

निवांत | रात्री १०:३०

हेडफोनमधून. उघड्या पाठीचे असतील तर ते लहान स्पीकरच समजा, माईक त्यांचं ऐकतो. बंद पाठीचे घ्या, क्लिकचा आवाज कमी करा, आणि शेवटच्या कॉर्डच्या आधी क्लिक बंद होईल असं सॉफ्टवेअरमध्येच लावून ठेवा. क्लिकऐवजी ठोकळेबाज ड्रम लावला तर आणखी बरं. झिरपला तरी गाण्यात मिसळून जातो.

लॅपटॉप माईकच्या थेट पाठीमागे ठेवा, कार्डिऑइड तिथे सगळ्यात बहिरा असतो. बटणवाला शर्ट काढून टीशर्ट घाला, घड्याळ उतरवा.

आणि हो, गेन (इंटरफेसवरची आवाज आत घेण्याची पातळी) किती ठेवताय? लाल दिव्याच्या जवळ जायची गरज नाही. २४ बिटला रेकॉर्ड करत असाल तर सगळ्यात जोराचा फटका उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंत गेला तरी पुष्कळ झालं. सूर काठोकाठ भरायची सवय टेपच्या आणि १६ बिटच्या काळातली. तेव्हा खाली राहिलं की खरखर वर यायची. आता खरखर येते ती खोलीतून.

---

वीज_वादी | रात्री ११:०५

धागा हायजॅक करतोय, माफी. माझं इलेक्ट्रिकचं दुखणं आहे. अँप नाही. गिटार थेट इंटरफेसमध्ये, मग सॉफ्टवेअरमध्ये डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट). आवाज म्हणजे डासांचा थवा. झीईई... आणि वाजवल्यानंतर जरा वेळाने ऐकू येतं, ते वेगळंच.

---

खर्ज | रात्री ११:२७

तुमच्या साखळीत स्पीकरच नाहीये हो. इलेक्ट्रिक गिटारचा अँप म्हणजे नुसतं डिस्टॉर्शन नव्हे. त्याचा बारा इंची स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ गिळून टाकतो. डिस्टॉर्शनमधून निघालेला सगळा झिणझिणाट तिथेच तर असतो. खऱ्या अँपमध्ये तो स्पीकर अडवतो, तुमच्याकडे अडवायला कोणीच नाही.

उपाय: अँपच्या नकलेनंतर कॅबिनेटची नक्कल लावा. तिला आयआर म्हणतात, म्हणजे एखाद्या स्पीकर-माईक जोडीच्या आवाजाचा ठसा. फुकट ढिगाने मिळतात. अँपच्या नकलेसाठी न्यूरल अँप मॉडेलर फुकट आहे आणि खरोखर चांगलं आहे. तिथेही माईकच्या जागेचाच खेळ. स्पीकरच्या मधोमध धरलेल्या माईकचा ठसा टोचरा, कडेकडे सरकवलेला मऊ. ऐकताना वारंवार "एसएम५७" दिसेल. १९६५ पासूनचा शुअरचा साधा डायनॅमिक माईक, गिटार अँपसमोर आजही तोच उभा असतो. खालचं थोडं सोडतो, ६ हजारच्या आसपास थोडा उठाव देतो. गिटारला नेमकं तेवढंच लागतं.

मग डिस्टॉर्शनचा गेन तुम्हाला आवडतो त्याच्या निम्म्यावर आणा. एकटं ऐकताना जास्त गेन भारी वाटतो, पण गाण्यात त्याचा चिखल होतो. जाडपणा हवा असेल तर कमी गेनवर तोच भाग दोनदा वाजवा.

इंटरफेसवर गिटारच्या चित्राचं किंवा 'इन्स्ट्रुमेंट' नावाचं बटण आहे का? ते दाबलेलं हवं. गिटारच्या पिकपला (तारांखालचं चुंबक-कॉइल) समोर एक मेगाओहमच्या आसपासचा अडथळा लागतो. लाइन इनपुटचा दहा-वीस हजार ओहमच असतो, त्यात वरचे सूर दबतात आणि गिटार घोंगडी पांघरून आल्यासारखी येते. मग माणूस ट्रेबल वाढवतो, आणि पुन्हा डास.

उशीर म्हणजे बफर, लॅपटॉप एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने साठवून मग पुढे पाठवतो तो साठा. सॉफ्टवेअरमध्ये १०२४ नमुन्यांवर असेल तर ४८ हजारच्या सॅम्पल रेटला फक्त तेवढ्यानेच २१ मिलिसेकंद जातात. १२८ वर आणा, ते पावणेतीनवर येईल. आवाज तेवढ्या वेळात हवेतून साधारण ९० सेंटिमीटर जातो, म्हणजे अँप तीन फुटांवर ठेवून वाजवल्यासारखं. वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ धरा. मिक्स करताना पुन्हा १०२४ करा, नाहीतर लॅपटॉप धापा टाकेल.

---

वीज_वादी | रात्री ११:४९

बफर १०२४ वरच होता! आयआर लावला, डास मेले. आता फक्त हम्म येतंय. पिकप सिंगल कॉइल आहे, म्हणजे एकाच कॉइलचा.

---

खर्ज | रात्री ११:५५

तो घरच्या विजेचा, ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला. खुर्चीत बसून हळूहळू स्वतःभोवती फिरा, एका दिशेला तो बराच मरतो. तिकडे तोंड करून वाजवा. लॅपटॉप चार्जरवरून काढा, स्क्रीनपासून दूर बसा. याच त्रासाला कंटाळून १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन उलट्या कॉइल एकमेकींना जोडून हंबकर केला. नाव म्हणूनच तसं, हम्म हाणून पाडणारा.

---

रानवारा | सकाळी ८:१८

गिटार दोन्ही कानांत पसरलेली हवी असेल तर सोपी युक्ती: तोच ट्रॅक कॉपी करा, एक डावीकडे, एक उजवीकडे. भरदार होतं.

---

सा_पासून | सकाळी ८:४०

नाही हो रानवारा. दोन्हीकडे तंतोतंत तेच असेल तर कानाला ते मध्येच ऐकू येतं, फक्त मोठं. करून बघा.

---

रानवारा | सकाळी ८:५२

अहो ताई, मी एक कॉपी थोडी मागे सरकवतो ना. तेव्हा पसरतं.

---

सा_पासून | सकाळी ९:३१

पसरल्यासारखं वाटतं खरं, पण तोच मिक्स फोनच्या एका स्पीकरवर ऐका. दोन्ही बाजू एकत्र आल्या की सरकवलेल्या कॉपीचे काही सूर मूळ सुरांना उलटे भिडतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. एक मिलिसेकंद सरकवलं असेल तर ५०० हर्ट्झ गायब, मग १५००, मग २५००, असे कंगव्याच्या दातांसारखे खड्डे. गिटार नळीतून आल्यासारखी वाटते. सरकवायचा वेळ बदलला की खड्डे दुसरीकडे सरकतात, पण नाहीसे होत नाहीत.

पसरट गिटारला एकच खरा रस्ता: दुसऱ्यांदा वाजवा. दोन टेकमधले हाताचे बारीक फरक, कुठे कणभर आधी, कुठे कणभर जोरात, त्यातूनच पसारा येतो. १९६६ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंडने दुहेरी गाण्याचा त्रास वाचवायला टेपवरची युक्ती काढली, तीसुद्धा नुसती कॉपी नव्हती. दुसऱ्या टेपचा वेग सतत डुलवत ठेवायचा, म्हणजे माणसाच्या चुकीची नक्कल.

दुसऱ्यांदा वाजवताना काहीतरी बदला. पहिल्यांदा खुल्या कॉर्ड, दुसऱ्यांदा कॅपो पाचव्या फ्रेटला लावून त्याच कॉर्ड वेगळ्या आकारांत. नाहीतर खालच्या सुरांच्या चार तारा (तिसरी ते सहावी) काढून त्यांच्या जागी बारा तारी संचातल्या पातळ तारा चढवा, सूर एक सप्तक वर. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. एकटी ऐकली तर खेळण्यातली वाटेल, मूळ गिटारखाली घातली की दोन्ही मिळून चमकतात.

---

रानवारा | सकाळी १०:०५

फोनवर ऐकलं. नळी. गप्प बसतो.

---

तिसरी_तार | तिसऱ्या दिवशी, रात्री ९:२०

गिटार एकटी ऐकताना आता सुंदर आहे. पण गळा घातला की पुन्हा गर्दी. गाणं ऐकायचं की गिटार, कळत नाही. आणि एका हळव्या गाण्यात मला गाता गाता वाजवायचंय, वेगवेगळं केलं की जीव जातो त्याचा.

---

निवांत | रात्री ९:५८

गिटार एकटी सुंदर वाटणं आणि गाण्यात शोभणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोलोचं बटण दाबून गिटारवर काम करणं सोडा. गळा चालू ठेवूनच ईक्यूला हात लावा. खाली बेस वाजत असेल तर गिटार १०० हर्ट्झच्या खाली कापा, वाटलं तर १२० पर्यंत. एकटी ऐकाल तर बिचारी वाटेल, गाण्यात कुणाला कळणार नाही. २००-३०० च्या आसपास थोडं कमी केलं की डबा उघडतो. आणि शब्द नीट कळत नसतील तर गळ्याची व्यंजनं जिथे असतात तिथे, २ ते ४ हजारात, गिटार दोन डेसिबल मागे घ्या. दोनच, आठ नाही.

त्याहून परिणामकारक गोष्ट: कडवं चालू असताना कमी वाजवा. सहाच्या सहा तारा दर फटक्याला झोडायची सक्ती नाही.

गाता-वाजवताना एकाच वेळी रेकॉर्ड करायचं तर आठच्या आकड्याचा माईक मिळाला तर बघा. तो पुढचं आणि मागचं ऐकतो, पण दोन्ही बाजूंनी ठार बहिरा. गिटारसमोर असा धरायचा की त्याची बहिरी बाजू तोंडाकडे येईल. गळ्यासाठी तसाच दुसरा, त्याची बहिरी बाजू गिटारकडे. नसेल तर एकच माईक हातभर लांब, छातीच्या उंचीवर, आणि तोल माईक वर-खाली करून साधा. गळा जास्त येत असेल तर माईक खाली. दोन कार्डिऑइड लावणारच असाल तर नंतर गळ्याच्या ट्रॅकची फेज उलटवून (म्हणजे लहरीचे चढ-उतार उलटे करून) बघा आणि ज्यात खर्ज जास्त भरतो ते ठेवा.

---

तिसरी_तार | पाचव्या दिवशी, रात्री ११:१५

एकच माईक, छातीच्या उंचीवर. चौथा टेक ठेवला. गाण्यात ईक्यू फक्त ९० च्या खाली कापण्यापुरता. जी कॉर्डला सहावी तार फक्त पहिल्या मात्रेला वाजवतोय, घुम्म गेलं. जमिनीवर खुर्चीच्या चार पायांना चिकटपट्टीच्या खुणा केल्यात, आणि स्टँडला एक दोरा बांधलाय, त्याची गाठ तेराव्या फ्रेटला टेकली की अंतर बरोबर.

एकच शंका राहिली. ध्रुपद आलं की खालून 'धप्प धप्प' येतं, ठेक्यातच. गिटारचं नाही, माईक कापडात गुंडाळून बघितला तरी येतं.

---

रिकामी_पेटी | रात्री ११:२२

पायाने ताल धरता का? ध्रुपदाला जोरात?

---

तिसरी_तार | रात्री ११:२४

धरतो!

---

रिकामी_पेटी | रात्री ११:३१

ते जमिनीतून स्टँडमध्ये आणि स्टँडमधून माईकमध्ये चढतंय. कापड हवेतलं अडवेल, लोखंडातलं नाही. स्टँडखाली टॉवेलची चौपदरी घडी, पायाखाली उशी, आणि चप्पल काढा.